यंत्र, कालवा आणि माणूस

यंत्रांविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे चटकन दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, यंत्र आले म्हणजे दैन्य गेले. दुसरा म्हणतो, यंत्र आले म्हणजे माणुसकी गेली. पहिल्या पक्षाला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव पुढे करता येते, दुसऱ्याला महात्मा गांधींचे. १९०९ साली गांधीजींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले आणि आगगाडी, गिरण्या, यंत्रे यांचा सडकून समाचार घेतला. योगायोग असा, की त्याच साली विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि पुढे आयुष्यभर, उद्योगधंदे वाढवा, नाही तर बुडाल, असे देशाला बजावत राहिले.

पण श्रोतेहो, मोठ्या माणसांची मते आपण समजतो तितकी सरळसोट नसतात. यंत्रावर टीका करणारे गांधीजी शिवणाच्या यंत्राचे मात्र कौतुक करीत. आणि यंत्रविद्येचे कैवारी असलेले विश्वेश्वरय्या आपल्याच पुणे जिल्ह्यात एका अडचणीशी झुंजत होते. ती अडचण अशी होती की तिथे चुना, दगड आणि लोखंड यांचा काही उपयोग नव्हता. धरण उत्तम होते, कालवा उत्तम होता, पाणी वाहत होते. तरीही ज्यासाठी हे सारे केले ते साधत नव्हते. आज मी ही कालव्याची गोष्ट सांगणार आहे. ती शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची असली, तरी तिचा निकाल अजून लागलेला नाही.

विश्वेश्वरय्या जन्माने म्हैसूरकडचे, पण त्यांची विद्या आणि उमेदवारी आपल्याकडची. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले. खानदेश, सक्कर, सुरत अशी ठिकाणे करीत ते पुण्याला आले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुष्कळांना ऐकून ठाऊक असतील. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडायचे आणि पूर ओसरला की आपोआप मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी त्यामुळे सुमारे आठ फुटांनी वाढली. एका हुशार अभियंत्याने केलेले हे हुशारीचे काम. त्याला कोणाचा विरोध व्हायचे कारण नव्हते, कारण लोखंडाला आणि पाण्याला मत नसते.

आता नीरेच्या कालव्याकडे वळू. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचा पठारी मुलूख होरपळून निघाला. माणसे मेली, गुरे मेली, गावेच्या गावे उठली. पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून सरकारने कालव्यांची कामे हाती घेतली आणि १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला. त्याच्यासाठी भाटघरला धरण झाले. पुरंदर, बारामती, इंदापूर या बाजूच्या कोरड्या रानांतून पाणी चालले. हिशेब साधा होता. दुष्काळी मुलखाला पाणी दिले की दुष्काळ जाईल.

पण झाले भलतेच. पहिली काही वर्षे या पाण्याला गिऱ्हाईक मिळेना! तुम्ही म्हणाल, तहानलेल्या मुलखात पाण्याला गिऱ्हाईक नाही, हे कसे? तर त्याचे असे आहे. या भागातला शेतकरी ज्वारी-बाजरीवाला. त्याची काळी जमीन एकदा चांगली भिजली की ओल धरून ठेवते. बऱ्या पावसाच्या वर्षी त्याला कालव्याचे पाणी नकोच असते. पाणी घ्यायचे म्हणजे पाणीपट्टी आली, बांधबंदिस्ती आली, जास्त खत आले. एवढा खर्च ज्वारीला परवडत नाही. बरे, पावसाने ओढ दिली की मात्र सगळेच्या सगळे एकाच आठवड्यात पाणी मागायला येतात आणि तेव्हा कालवा सर्वांना पुरत नाही. म्हणजे चांगल्या वर्षी पाणी वाया आणि वाईट वर्षी पाण्यावरून भांडण.

मग कालव्याचा खर्च भरून निघायचा कसा? ज्याला बारा महिने पाणी लागते आणि ज्याच्यातून पाणीपट्टी भरण्याइतका पैसा सुटतो असे पीक हवे होते. ते पीक म्हणजे ऊस. सासवडकडचे कसबी माळी बागायतदार नीरेच्या काठी उतरले. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे चालवली. त्यांच्या कष्टाला आणि धाडसाला तोड नव्हती. याच मंडळींनी पुढे अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. पण कालव्याच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? दुष्काळाच्या भाकरीसाठी काढलेला कालवा गुळाच्या ढेपेकडे वळला. आणि ऊस लागला तो कालव्याच्या मुखाशी, पाणी हमखास मिळणाऱ्या थोड्या गावांत. खालच्या अंगाची गावे पहिल्यासारखीच आभाळाकडे पाहत राहिली.

एवढ्यावर भागले नाही. ज्याच्या शेताशेजारून पाट जातो तो पाणी मोजून घेत नाही. जितके मिळेल तितके घेतो, कारण पुढची पाळी केव्हा येईल याचा त्याला भरवसा नसतो. जास्त पाण्याने पीक वाढते असाही एक समज असतो. परिणामी चांगल्या काळ्या जमिनी पाणथळ झाल्या. खालचे क्षार ओलीबरोबर वर आले आणि पांढरे मीठ फुटून रान चोपण झाले. वरच्याच्या रानात अति पाण्याने पीक जळते आणि खालच्याचे पाण्यावाचून जळते, असे चमत्कारिक दृश्य एकाच कालव्यावर दिसू लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी या दुखण्यावर जो उपाय सुचवला त्याला ब्लॉक पद्धत म्हणतात. तिच्यात नवे यंत्र एकही नाही. त्यांनी म्हटले, पाणी थोड्या गावांत कोंडू नका, ते जास्तीत जास्त गावांत न्या. मात्र गावभर विस्कटून देऊ नका. प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचा एक सलग तुकडा निवडा आणि काही वर्षांच्या मुदतीने त्याला पाण्याची हमी द्या. त्या तुकड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस घ्या, उरलेल्यात कमी पाण्याची हंगामी पिके घ्या आणि दर वर्षी त्यांची फेरपालट करा. म्हणजे ऊस सगळ्यांना थोडाथोडा मिळेल, जमीन विसावा घेईल, पाटातून पाणी मुरून वाया जायचे कमी होईल आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला आपली पाळी ठाऊक राहील. १९०१ ते १९०३ या काळात सबंध हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांची पाहणी करायला जो आयोग आला होता, त्याच्यापुढेही ही योजना मांडली गेली आणि तिला पाठिंबा मिळाला.

खडकवासल्याच्या दरवाजांना विरोध झाला नव्हता. ब्लॉक पद्धतीला झाला. आणि तो साहजिक होता. दरवाजांनी कोणाच्या तोंडचे काही काढून घेतले नव्हते. इथे मात्र एकाचे पाणी कमी करून दुसऱ्याला द्यायचे होते. अभियंत्याने पाण्याच्या वाटणीत हात घातला की तो नुसता अभियंता राहत नाही. तो गावच्या तंट्यात सापडतो. विश्वेश्वरय्यांचे मोठेपण मला त्या दरवाजांपेक्षा या तंट्यात पडण्यात दिसते. काम बांधून झाले, आता पुढचे महसूल खात्याने पाहावे, असे म्हणून ते मोकळे होऊ शकले असते.

या पद्धतीचे मूळही विचार करण्याजोगे आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर पूर्वीपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा घालायचा, त्याचे पाणी पाटाने काढायचे आणि भिजणाऱ्या रानाचे फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी फड बदलायचा. कोणाची जमीन कुठेही असो, पाटकरी सांगेल तेव्हा आणि तितकेच पाणी. पाटकऱ्याची नेमणूक गावकऱ्यांची, त्याचे वेतनही गावकऱ्यांकडून. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटाही सगळ्यांत वाटला जातो. विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत धुळ्याकडे पांझरा नदीवर काम केले होते. फडाची आणि ब्लॉकची ठेवण इतकी मिळतीजुळती आहे की पदवीधर अभियंत्याने अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्याकडून काही उचलले असावे, असे मानायला जागा आहे. मात्र दोहोंत एक फरक राहिला. फडातला नियम गावाने स्वतः केलेला होता. ब्लॉकचा नियम सरकारी कचेरीतून आलेला होता. गावाचा नियम मोडणाऱ्याला शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. कचेरीचा नियम मोडायला ओळख आणि वशिला पुरतो. पुढच्या काळात उसाने ब्लॉकची कुंपणे का ओलांडली, याचे एक मोठे कारण या फरकात आहे.

कालव्याचे जे, तेच नळाचे. नळ हे आपल्या रोजच्या जगण्यातले एक मोठे यंत्रच आहे. आपण त्याला यंत्र म्हणत नाही, एवढेच. घरात नळ आला आणि बाईच्या डोक्यावरची घागर उतरली, दिवसाचे दोन-तीन तास मोकळे झाले. हा उपकार लहान नव्हे. पण नळ गावात आला म्हणजे तो सगळ्यांना मिळाला, असे होत नाही. महाडचे उदाहरण घ्या. तिथल्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि त्यानंतर कोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तळ्याला जात नसते, नळाला जात नसते. पण काठावर उभ्या असलेल्या माणसांना असते. म्हणून पाणी आणणे हे अर्धेच काम आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी नवे काही बांधले नव्हते. असलेल्या हौदाचा उपयोग फक्त बदलला होता.

यंत्रावर आपण किती विसंबतो हे ते बंद पडले म्हणजे कळते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले. ते पुरते बांधून होण्यापूर्वीच त्यात पाणी साठले होते. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ज्या शहरात पाणीच पाणी झाले, त्या शहराचे नळ मग कोरडे पडले. वाड्यांतल्या विसरलेल्या आडांची आणि विहिरींची लोकांना तेव्हा पुन्हा आठवण झाली. नवे आले म्हणून जुने बुजवून टाकण्याची घाई किती करावी, याचा त्यात धडा आहे.

आता अगदी आजच्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडे शेतीला वीज पुष्कळदा रात्री मिळते. रात्री-अपरात्री दारे धरायला जाणे काय असते, हे ज्याने केले त्यालाच कळते. पायाखाली विंचूकाटा, अंगात हुडहुडी, अलीकडे कित्येक भागांत बिबट्याचे भय. म्हणून शेतकऱ्याने मोटारीला ऑटोस्विच बसवला. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. आता तर खिशातल्या मोबाईलवरून घरबसल्या मोटार चालू-बंद करता येते. किती सोय झाली! पण गंमत पाहा. वीज आली की वस्तीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. त्या एकदम आलेल्या भाराने डीपी जळते. मग आठ-पंधरा दिवस सगळ्यांचीच पिके वाळतात. एकेकट्याचे यंत्र बिनचूक चालले आणि सगळ्यांचे मिळून नुकसान झाले. यावर उपाय काय? मोटारी काही मिनिटांच्या अंतराने सुरू होतील असे ठरवायचे. म्हणजे पुन्हा पाळी आली, पुन्हा पाटकरी आला!

विंधनविहिरींचे असेच. एकाने दोनशे फूट खणले की शेजारी तीनशे खणतो. खालचे पाणी दोघांचे एकच असते. यंत्र जितके सामर्थ्याचे, तितकी ही शर्यत लवकर संपते, आणि जो कर्ज काढून शर्यतीत उतरला तो आधी संपतो.

मग यातून वाट आहे की नाही? आहे, आणि ती दाखवणाराही एक अभियंताच होता. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडले. दुष्काळी कामावर माणसे खडी फोडत होती. त्यांनी विचार केला, ही माणसे पुढच्या दुष्काळातही खडीच फोडणार का? १९७४ साली नायगाव येथे देवस्थानची सुमारे चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, पावसाचे पाणी अडवले, मुरवले, विहिरीतून उपसून पुन्हा रानाला दिले. एवढे काम कोणीही हुशार अभियंता करील. साळुंखे थांबले ते पुढच्या पायरीवर. या पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांनी पंप बसवण्याआधी सोडवायला घेतला.

त्यांच्या पाणी पंचायतीचे नियम असे. पाणी जमिनीवर मोजायचे नाही, माणसांवर मोजायचे. घरात जितकी माणसे तितक्या अर्ध्या-अर्ध्या एकराला पाणी, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही, ते पंचायतीकडे परत येणार. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः भरायचा, फुकट काही नाही. भूमिहीनाला पाण्याचा हक्क, ही कल्पना ऐकायला साधी वाटते. पण तिने शेकडो वर्षांचा समज उलटवला. जमीन ज्याची त्याचे पाणी, हा तो समज. विश्वेश्वरय्यांनी एका गावचे पाणी दुसऱ्या गावाला द्या म्हटले होते. साळुंखे म्हणाले, पाटलाचे आणि मजुराचे पाणी सारखे मोजा.

ही वाट सोपी नाही. जिथे माणसे एकत्र राहिली तिथे पंचायती चालल्या, जिथे फुटली तिथे बंद पडल्या. कमी उसाचे बोलणे तर अजूनही कोणाला रुचत नाही. केंद्र सरकारच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात दाखवले आहे, की महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहूनही कमी जागेत असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो. इथे उसाच्या शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. ज्या एका पिकाला गिऱ्हाईक निश्चित, भाव बराचसा निश्चित आणि कारखाना दाराशी, ते पीक तो लावणारच. नीरेच्या काठी पहिल्याने ऊस लागला तो याच हिशेबाने. ठिबकच्या नळ्या आल्या, त्यांनी पाणी वाचते हेही खरे. पण वाचलेले पाणी खालच्या गावाला जाते, की त्याच शेतकऱ्याचा ऊस दोन एकरांनी वाढवते? नळीला हे ठरवता येत नाही.

नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणावर मात्र असे घडले, की कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझर भागातल्या शेतकऱ्यांनी १९९० च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या. बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यांना एकत्र आणले. संस्थेने पाणी मोजून घ्यायचे, सभासदांना पाळीने वाटायचे, पट्टी स्वतः गोळा करायची. हळूहळू वरच्या भागातही संस्था झाल्या आणि सबंध प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ साली अशा संस्थांसाठी राज्यात कायदाही झाला. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की सुरुवात शेवटच्या टोकाने केली. मुखाशी बसलेल्याला व्यवस्था बदलायची निकड नसते. ज्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही, तोच ते मोजायला शिकतो.

दर वर्षी १५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांची जयंती अभियंता दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी धरणांची, पुलांची, कारखान्यांची वर्णने होतात आणि ती व्हावीतही. पण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पाण्याचा वेग काढायचे सूत्र शिकवताना पाळी कशी ठरवतात हेही शिकवले, एखादा आठवडा पाटकऱ्याबरोबर रात्रीचे चारीवर उभे केले, तर त्या दिवसाचे सार्थक अधिक होईल. आणि आपण जे अभियंते नाही, त्यांनाही यात काम आहे. गावात नवी योजना आली, सोसायटीत नवा पंप आला, शेतात नवे यंत्र आले, की ते किती अश्वशक्तीचे हे आपण हौसेने विचारतो. शेवटच्या घराला पाणी किती वाजता पोचणार, आणि ते पोचले नाही तर त्या घरच्या माणसाने कोणाकडे जायचे, हेही त्याच बैठकीत विचारावे. कालव्याचे उद्घाटन मुखाशी होते. त्याचे मोजमाप मात्र शेवटच्या शेतात जाऊन करावे लागते.